दिवाळीपर्यंत भांडायचं नाही

सायकलच्या दुकानात बेअरिंगचे छर्रे सांडतात. चाकाचा एक्सेल खोलला की दोन-तीन तरी घरंगळतातच. कितीही झाडा, बाकड्याखाली, डब्यामागे, कधी चपलेत, कुठे ना कुठे एखादा सापडतो. माझ्या दादाचे किस्से तसेच झालेत. मी शोधत नाही. लोक आणून देतात.

सुधीरदादा ऑगस्टमध्ये गेला. डेंग्यू. अडतीस वर्षांचा होता. तेव्हापासून दुकानात जो येतो तो सायकल स्टँडवर लावायच्या आधी म्हणतो, "सुधीरचा एक किस्सा सांगू का?" सांगतो, हसतो, हवा भरतो, जातो. अरे, भाऊ माझा गेलाय आणि करमणूक तुमची! म्हणून म्हटलं, आता मीच सांगतो. निदान बरोबर तरी सांगेन.

दुकान जोगेश्वरी पूर्वेला. गुंफेकडून येणारा उतार जिथे संपतो, तिथे एक चिंचोळा गाळा. दादाच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी वहिनीने मला समोर बसवलं. वहिनी मरोळला एका कारखान्यात पॅकिंगला जाते, बोलणं मोजकं.

"गाळा मागायला माणूस आलाय. मोबाईलच्या कव्हरांचं दुकान टाकायचंय त्याला. देऊ?"

"नाही! मी चालवतो."

"तू? तीन ठिकाणी कामाला लागलास, तिन्ही ठिकाणी मालकाशी भांडून आलास."

"वहिनी, दुकान दादाचं आहे."

"म्हणूनच सांगते. दिवाळीपर्यंत चालवून दाखव. पण पक्या, एका जरी गिऱ्हाइकाशी भांडलास ना, दुसऱ्या दिवशी चावी त्या माणसाच्या हातात."

आता मला सांगा, सायकल दुरुस्तीच्या धंद्यात अडीच महिने न भांडता कसे काढतात?

*

दादाचा एक नियम होता. गिऱ्हाइकाने पार्टचं नाव घ्यायचं आणि तो काय काम करतो ते सांगायचं. "हे", "ते", "इकडचं ते" चालायचं नाही.

एकदा एक बाई मुलाची सायकल घेऊन आल्या. म्हणाल्या, "ते गोल आहे ना, ते वाजतं."

दादा म्हणाला, "ताई, सायकलीत सगळंच गोल असतं. कुठलं गोल?"

बाई चिडल्या. "मला काय माहीत? दुरुस्त तुम्ही करता ना?"

"मी करतो. पण रस्त्यात तुमच्या पोराबरोबर मी नसतो." मग त्याने त्यांच्याच हाताने पेडल फिरवलं. हे पेडल, यावर पाय. हा क्रँक, पेडल याला लटकतं. हे दात्यांचं चाक, ही चेन, ही तुमच्या पायाची ताकद मागच्या चाकापर्यंत नेते. कोरडी पडली की रडते. बाईंनी चेनला स्वतः तेल घातलं. साडीला काळा डाग पाडून घेतला.

जाताना म्हणाल्या, "दुरुस्तीला आले होते, शाळेत बसवलंत!"

दादा म्हणाला, "फी नाही घेतली ना?"

हा किस्सा लोक सांगतात तेव्हा शेवटचं वाक्य विसरतात. त्यापुढे दादा मला म्हणाला होता, "पक्या, हसू नकोस. तुला तरी सगळी नावं येतात का?" मी आठवीत शाळा सोडलेला माणूस. मला जेवढी येतात, तेवढी त्याच्यामुळे येतात.

*

वरच्या टॉवरमधले एक सर आहेत. रविवारी सकाळी हेल्मेट, गॉगल, अंगाला चिकटलेले कपडे, आणि खाली गिअरची सायकल. एकदा आले ते घाईघाईत. "सुधीर, ड्राइव्हट्रेनमधून नॉइज येतोय. मी व्हिडिओ बघितले. बॉटम ब्रॅकेट गेलाय."

बॉटम ब्रॅकेट म्हणजे दोन पेडलांच्या मधला एक्सेल ज्या नळीत फिरतो तो भाग. तो खोलायचा म्हणजे अर्धा दिवस. दादाने सायकल उचलून जरा हलवली. खळखळ. पुन्हा हलवली. खळखळ.

"सर, घरच्या किल्ल्या कुठे आहेत?"

"सीटखालच्या पाऊचमध्ये. का?"

दादाने पाऊच काढून त्यांच्या हातात दिला. "हा घ्या तुमचा बॉटम ब्रॅकेट."

हे सर दादा गेल्यावर महिन्याने आले. दुकानात मी एकटा. सायकल बाहेरच उभी करून आत डोकावले आणि विचारतात काय? "आता इथे कोणी एक्सपर्ट नाही का?"

माझ्या हातात चौदाचा पाना होता. पण वहिनीची अट! म्हणून मी एक युक्ती काढली आहे. राग आला की सायकलचे पार्ट पुढून मागे म्हणत जायचे. हँडल, वळवायला. त्याच्या खाली फोर्क, पुढचं चाक धरायला. ब्रेक, थांबायला. रिम, टायरला आकार द्यायला. टायर, रस्त्याला घासायला. ट्यूब, हवा धरायला. सीट, बसायला. चेन, फ्रीव्हील, मागचं मडगार्ड...

कॅरिअरपर्यंत पोहोचलो तेव्हा सर सिग्नलच्या पलीकडे गेले होते.

*

फ्रीव्हीलचा किस्सा पाववाल्याचा. फ्रीव्हील म्हणजे मागच्या चाकावरचं दात्यांचं चक्र. पाय थांबले तरी चाक पुढे जात राहतं ते त्याच्यामुळे. उतारावर आपण पाय स्थिर ठेवून बसतो आणि टिकटिक आवाज येतो ना, तो फ्रीव्हीलचा.

पाववाल्याचं फ्रीव्हील गंजून जाम झालं होतं. दादाने दोनदा सांगितलं, "बदल." तो म्हणायचा, "चलता है." एका सकाळी गुंफेच्या उतारावर ते पूर्ण अडकलं. आता चाक फिरेल तसं पेडल फिरणार. पायांना पेडलचा वेग झेपेना. त्याने दोन्ही पाय हवेत वर केले! खाली पेडल पंख्यासारखं फिरतंय, मागे पावाची टोपली, आणि हा पाय पसरून ओरडत येतोय, "हटो! हटो!"

थेट आमच्या टायरांच्या ढिगात. पाव सगळे गटारावर.

उठला आणि दादालाच ओरडला, "सुधीरभाई, मैं पैर रोकता हूं, पेडल नहीं रुकता! ये क्या सायकल है?"

दादा म्हणाला, "फ्रीव्हील म्हणजे सायकलचा रविवार. तुझ्या सायकलला रविवार राहिला नाही."

सगळे हसतात यावर. मी नाही हसत. कारण हे सांगणाऱ्या माणसाने बारा वर्षांत एकही रविवार दुकान बंद ठेवलं नव्हतं. लोकांच्या सायकलींना सुट्टी लावून द्यायची आणि स्वतः जाम होऊन फिरायचं! त्याला हे कुणी बोललं नाही. मीपण नाही.

*

चाक वाकडं फिरायला लागलं की आम्ही म्हणतो "आऊट झालं". ते सरळ करायचं म्हणजे तारा कसायच्या. रिम मध्यभागी उभी राहते ती तारांच्या ओढीवर. अर्ध्या तारा डावीकडे ओढतात, अर्ध्या उजवीकडे.

दादा तारांना बोट लावून ऐकायचा. टिंग, टिंग, टिंग, टुक. टुक आलं की ती तार ढिली. पाव फेरा कसायचा, पुन्हा ऐकायचा. एका चाकाला अर्धा तास!

मी शिकत होतो तेव्हा माझ्याकडे एवढा दम कुठला? मी दिसेल ती तार पिळली. दहा मिनिटांत काम खलास. चाक स्टँडवर लावून फिरवलं तर ते डावीकडे जाऊन उजवीकडे येतंय.

दादा बघत उभा राहिला. म्हणाला, "चाक सांगितलं होतं, कुरडई केलीस."

आमच्या दुकानात तात्या असतात. गिरणीतून निवृत्त, कणकवलीकडचे, रोज सकाळी आमच्या लाकडी खोक्यावर येऊन बसतात. ते म्हणाले, "तळून बघ रे, फुलता काय ती!"

मी पाना फेकला. दादाने उचलून परत माझ्या हातात दिला. "सगळ्या तारा सारख्या चिडल्या तर चाक सरळ राहतं. एकटीच चिडली की वाकतं. आपल्या घरात एकटा चिडणारा कोण आहे, सांग बघू?"

*

आता पेडलचा किस्सा. हा लोक सांगत नाहीत, कारण लोकांना माहीत नाही.

सायकलचं उजवं पेडल सगळ्या बोल्टसारखं बसतं. डावं उलटं. त्याचे आटे उलट असतात, पाय मारताना ते आपोआप सुटू नये म्हणून. सायकलच्या धंद्यातला पहिला धडा हा. मला तो दहा वेळा सांगून झालेला.

जुलैमध्ये एक नवीकोरी सायकल आली. मी घाईत डावं पेडल उजव्यासारखं पिळलं. जाईना म्हणून पान्यावर पाय देऊन पिळलं. क्रँकचे आटे साफ! नव्या सायकलचा क्रँक भंगारात.

दादा पहिल्यांदा गिऱ्हाइकासमोर ओरडला. "डोकं घरी ठेवून येतोस का? दहा वेळा सांगितलं, दहा वेळा!"

मीपण ओरडलो. "मग घे तुझं दुकान! सांभाळ एकटा!"

आणि मुलुंडला गेलो. तिथे मित्राच्या खोलीवर राहिलो, एका गोडाऊनमध्ये पार्सलं उचलायचं काम धरलं. दादाचे फोन आले. मी उचलले नाहीत. दुसऱ्या आठवड्यात फोन आले नाहीत, तर त्याचाही राग आला!

दादाला ताप आला तेव्हा मी मुलुंडला होतो. त्या चार दिवसांत त्याने दुकान एकट्याने उघडलं. मला कळलं पाचव्या दिवशी, वहिनीचा फोन आला तेव्हा.

*

त्या चार दिवसांचं मला तात्यांनी सांगितलं. मी रोज विचारतो, आणि रोज नवीन एखाद्यावर संताप येतो.

दादा खोक्यावर बसून थरथरतोय, अंगावर वहिनीची शाल. तात्या म्हणतायत, "घराक जा रे, सुधीर." आणि गिऱ्हाईक येतायत. एक म्हणाला, "बसूनच करा, मला घाई नाही." दुसरा म्हणाला, "ताप? माझ्या मेव्हण्याला पण होता." तिसऱ्याने तर कमाल केली. दादाच्या कपाळाला हात लावला, म्हणाला, "बाप रे, चांगलाच तापलायस! गोळी घे." आणि लगेच पुढे, "पुढच्या चाकात जरा जास्त भर."

व्हॉल्व्ह एवढासा असतो. हवा आत जाऊ देतो, बाहेर येऊ देत नाही. पंप लावून हवा भरायला काही डिग्री लागत नाही, कुणीही भरू शकतं. त्या तिसऱ्या माणसाला दोन हात होते. तरी त्याने तापलेल्या माणसाकडून पंप मारून घेतला!

तो अजून येतो. मी त्याची हवा भरतो. पुढच्या चाकात जरा जास्त. हँडल, फोर्क, ब्रेक, रिम, टायर...

*

हॉस्पिटलमध्ये मी पोहोचलो तेव्हा दादाला स्ट्रेचरवरून वरच्या वॉर्डात नेत होते. मी धावत बाजूला गेलो. वाटेत सगळं ठरवून आलो होतो. माफी मागायची. क्रँक माझ्यामुळे गेला म्हणायचं. फोन का उचलले नाहीत ते सांगायचं.

म्हटलं, "दादा, मी आलो."

त्याने डोळे उघडले. ओळखलं मला. ओठ हलले. मी कान जवळ नेला.

"पुढचं डावं चाक," तो म्हणाला. "ग्रीस नाही त्यात. सांग कुणाला तरी."

स्ट्रेचरचं चाक खरंच करकरत होतं. मी काय करू? वॉर्डबॉयला म्हटलं, "चाकाला ग्रीस लावा." तो म्हणाला, "पेशंटचे नातेवाईक ना तुम्ही? बाजूला व्हा."

त्यानंतर दादा माझ्याशी बोलला नाही. दोन दिवसांनी गेला. दादा, तुला एवढंच बोलायचं होतं रे माझ्याशी? शिवी दिली असतीस तरी चाललं असतं!

*

मोबाईल कव्हरवाला दसऱ्याच्या आधी येऊन गेला. मुदत संपलेली नसताना! फीत काढून भिंती मोजायला लागला. आमच्या भिंतीवर एक जुनी फ्रेम टांगलेली आहे, चाकं नाहीत, हँडल नाही, नुसती फ्रेम. पोरांना दाखवायला दादाने लावलेली.

तो म्हणाला, "हा पाइप काढला की इथे अख्खा रॅक बसेल."

माझी मूठ वळली. मी हँडलपासून सुरुवात केली. पण तात्या खोक्यावरून उठले.

"पाइप न्हय तो. सायकल ती. बाकीचा सगळा तेका लटाकता. आणि ती फीत गुंडाळ, नायतर मी तुकाच मोजतलंय!"

वहिनीला मी संध्याकाळी आधीच सांगून टाकलं. "मी नाही भांडलो. तात्या भांडले. तात्यांना अट नव्हती."

वहिनी म्हणाली, "आठ दिवस सांभाळ अजून. मग बघू." पण दसरा व्हायचा होता. दिवाळीला आठ दिवस नव्हते, महिना होता. तिने मोजण्यात चूक केली की मुद्दाम केली, मी विचारलं नाही.

*

आता परवाचा.

गुरुवार होता. गुरुवारी वहिनीच्या कारखान्याला सुट्टी, म्हणून ती माझा डबा घेऊन दुकानात आली होती. तात्या खोक्यावर पेपर उघडून बसले होते. इतक्यात मोरे काका आले, वरच्या सोसायटीचे वॉचमन. सायकल हातात धरून, लंगडत. कोपर सोललेलं, पँट गुडघ्यावर फाटलेली.

"कुठे आहे सुधीर?"

मोरे काका ऑगस्टमध्ये गावाला गेले होते ते आता आले. त्यांना माहीतच नव्हतं. मी सांगितलं. त्यांनी सायकल भिंतीला टेकवली. मग म्हणाले, "वाईट झालं. पण खरं बोलू? शेवटी शेवटी त्याचं कामात लक्ष नव्हतं. गावाला जायच्या आदल्या दिवशी ब्रेक बदलायला सायकल ठेवून गेलो, संध्याकाळी पोराने नेली. आज पहिल्यांदा बाहेर काढली. गुंफेच्या उतारावर ब्रेक दाबला तर रबर उडून गेलं! रिक्षाखाली आलो असतो. हे काम म्हणायचं का? हलगर्जीपणा आहे हा!"

दादाला हलगर्जी म्हणाला! वहिनीसमोर! मी पाना घेऊन बाहेर आलो. वहिनी डबा हातात धरून माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "काका, माझ्या दादाच्या कामात चूक दाखवा, मी हे दुकान आजच बंद करतो." आणि पुढच्या चाकापाशी बसलो.

ब्रेकचं रबर पत्र्याच्या खोबणीत बसतं. त्या खोबणीचं एक तोंड बंद असतं, एक उघडं. बंद तोंड पुढे ठेवायचं. का, तर ब्रेक दाबला की फिरणारी रिम रबराला पुढे ओढते. पुढे पत्रा असेल तर रबर अडतं. उघडं तोंड पुढे ठेवलं तर निसटतं. दुकानात झाडू मारणाऱ्यालाही दादा हे आधी शिकवायचा.

ब्रेकच्या केबलच्या टोकाला लाल टेप होती. बरोबर तीन वेढे, दादा घालायचा तसे. त्याच्या खाली दोन्ही खोबणी. दोन्हींची उघडी तोंडं पुढे.

मी बसूनच राहिलो. तात्यांनी सांगितलेलं तेव्हा आठवलं: मोरे काका ज्या दिवशी सायकल ठेवून गेले, तो तापाचा तिसरा दिवस.

"काय? सापडली चूक?" मोरे काका म्हणाले.

मी उठलो. "सापडली. काका, हे काम मी केलंय."

"तू? सायकल तर मी सुधीरच्या हातात दिली होती."

"त्याला ताप होता. त्याने मला लावायला दिलं. मी उलटं लावलं."

मोरे काकांचा चेहराच बदलला. "तरीच! तरीच म्हटलं! सुधीरच्या हातून असं होणं शक्यच नाही. बारा वर्षं बघतोय मी त्याला. अरे, माणूस मेला असता तुझ्यामुळे! भावाच्या नावावर बसलायस, नाव तरी राख त्याचं. लाज वाटत नाही?"

"वाटते, काका."

"वाटते म्हणे! नालायक!"

रस्त्यावरचे लोक थांबून बघत होते. मी पाना खाली ठेवला, नवीन रबरं घेतली आणि बंद तोंडं पुढे करून बसवायला लागलो. मोरे काका बोलतच होते. मी एकही पार्ट मोजला नाही.

वहिनी पुढे आली. "काका, सांगते मी त्याला. पुन्हा नाही होणार असं." आणि डबा माझ्या बाजूला ठेवून तिथेच टायरवर बसली.

मोरे काका ब्रेक तीनदा दाबून बघून गेले. तात्यांनी पेपर खाली केला. माझ्याकडे बघितलं, वहिनीकडे बघितलं.

"अरे, पण तेवा तू मुलुंडाक होतंस मां?"

वहिनी म्हणाली, "तात्या, पेपर वाचा!"